प्लास्टिकला बांधलेली तार

९ जानेवारी

गल्लीतली खोदाखोदी संपली एकदाची. पाण्याचा नवा प्लास्टिकचा पाइप आमच्या मागच्या दारापर्यंत आला. घरातले जुने लोखंडी पाइप आहेत तसेच राहिले, बाहेरचा भाग तेवढा नवा. प्लंबर जाम खूश होता. म्हणाला, "वहिनी, आता गंज विसरा." मी म्हटलं, माझे गुडघेही प्लास्टिकचे करून द्या मग.

जुना पाइप उकरताना त्याला गुंडाळलेली एक तांब्याची तार निघाली. भिंतीवरून थेट मीटरच्या बोर्डाकडे जाते. "ही कशाची?" त्यानं विचारलं. मला काय माहीत? ह्यांनी बांधली होती एवढंच माहीत. हे बँकेत कारकून होते, पण जीव सगळा पक्कड आणि टेस्टरमध्ये. या घराचं वायरिंग सासूबाईंच्या लग्नाच्याही आधीचं, लाकडी पट्ट्यांवरून गेलेलं, काळ्या गोल बटनांचं. ते ह्यांनीच जगवलं. सारखा उडणारा फ्यूज ह्यांनी चांगली जाड तार घालून असा बसवला की त्यानंतर एकदाही उडालेला नाही. हे जाऊन दोन वर्षं झाली, तरी नाही.

"काढू नका," मी म्हटलं, "होती तशी परत बांधा." त्यानं नव्या पाइपला तारेचे छान घट्ट वेढे दिले. ह्यांच्या हातचं काहीतरी जागच्या जागी राहिलं, बरं वाटलं.

सोमवारी पाळणाघर सुरू. हे चाललं नाही तर घर विकावं लागणार, आणि ते मी अजून आईंना सांगितलेलं नाही. (सासूबाईंना मी पहिल्या दिवसापासून आईच म्हणते. माझी आई मला आठवतही नाही.)

१६ जानेवारी

कान किटले. पण चाललंय. सहा पोरं आली. त्यातला ढब्बू म्हणजे गालांचा डोंगर, आणि एक चिमुरडी इतकी सुळसुळते की आईंनी तिचं नाव खारूताई ठेवलं. आई मधोमध चटईवर बसतात आणि पोरं त्यांच्या अंगाखांद्यावर. वयाच्या मानानं विसरभोळ्या झाल्यात, काल साबण तांदळाच्या डब्यात सापडला. पण पोरांच्या बाबतीत मला त्यांच्याइतकं जमत नाही, हे कबूल करते.

सकाळी पोरांचे हातपाय धुवायला गरम पाणी लागतं म्हणून गीझर पुसून चालू केला. ह्यांच्यानंतर तो बंदच होता, दोघींपुरतं पाणी गॅसवर तापायचं. जुना आहे, पण मुकाट तापला.

टाचेमुळे डॉक्टरांनी अनवाणी चालू नका म्हणून सांगितलंय, तेव्हा मी घरभर रबरी चपला फटफटवत फिरते. आई नाक मुरडतात. त्यांनी जन्मात घरात चपला घातल्या नाहीत. पोरंही सगळी अनवाणीच, लादी दिवसातून दोनदा पुसावी लागते.

२३ जानेवारी

आज आईंनी सकाळी सकाळी डोक्याला ताप दिला. मोरीतून बाहेर आल्या, उजवा हात डाव्या हातात धरलेला. "अगं, नळाला करंट आहे. कोपरापर्यंत हात बधिर झालाय माझा."

पोरं आवरली, गीझर बंद केला (पाण्याचं काही करायचं तर आधी गीझर बंद, ही ह्यांची शिकवण), आणि ह्यांचा टेस्टर घेऊन एकेका नळाला लावला. दिवा पेटला नाही. मग नळ मुठीत धरून उभी राहिले. काही नाही.

"मघाशी होता," आई म्हणाल्या.

"करंट काय कामाला येतो आणि काम संपलं की घरी जातो?" मी म्हटलं. पोरं हसली. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मला राग आला होता, आणि मी म्हटलं, "हे सगळं तुमच्याच मुलाच्या हातचं आहे. त्याच्या कामाला नावं ठेवताय का?"

त्यांचा चेहरा एवढासा झाला. "नाही गं," म्हणाल्या. "त्याला कशाला नावं ठेवू?" मला वाईट वाटलं, पण विषय संपला एकदाचा.

३० जानेवारी

विषय संपला नाही, त्याला पाय फुटले. करंट हा शब्द आईंनी परत काढला नाही. पण आता त्या मोरीतली बादली दुपारीच भरून ठेवतात, आणि सकाळी पोरांना नळावर जाऊ देत नाहीत. प्लास्टिकचा मग घेऊन दारात बसतात आणि एकेकाच्या हातावर पाणी ओततात. पाणी थंडगार. पोरं कुरकुरतात. मी विचारलं, गरम पाणी असताना हे कशाला? तर म्हणाल्या, "पाणी वाया जातं." नवीन पाइपाला पाणी धो धो येतंय आणि आईंना काटकसर सुचतेय.

स्वतः आंघोळ टाळतात. परवा तर मीच ओढत नेलं. नळ मी सोडला, मगच आत आल्या.

५ फेब्रुवारी

आज मान खाली घालायची वेळ आली. ढब्बू धावत नळाकडे गेला आणि आईंनी त्याच्या हातावर फाटकन चापट मारली. लाल वळ उठला. ज्या बाईनं आयुष्यात स्वतःच्या मुलावर हात उगारला नाही, तिनं.

संध्याकाळी ढब्बूच्या आईनं मला धारेवर धरलं. "आजींना काही होतंय का? घरात असं कुणी आहे हे आधी सांगायला हवं होतं." मी हात जोडले. आई शेजारीच उभ्या होत्या. मला वाटलं, सॉरी म्हणतील. त्या ढब्बूच्या आईला म्हणाल्या, "तो नळ फार घट्ट धरतो हो." त्या बाईंनी माझ्याकडे जे पाहिलं ते विसरता येत नाही.

८ फेब्रुवारी

आईंना डॉक्टरकडे नेलं. त्यांनी विचारलं, आज वार कोणता? आईंनी चुकीचा सांगितला. विचारलं, घरात कशाची भीती वाटते का? आईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाल्या, "नाही." मग मीच सगळं सांगितलं. करंट, बादली, चापट, तांदळातला साबण. डॉक्टर मान डोलवत लिहीत होते. या वयात असे भास होतात म्हणाले. रोज एक गोळी, आणि वाद घालू नका, पण भासाला दुजोराही देऊ नका.

येताना रिक्षात आईंनी माझा हात धरला. "तुला काय वाटतं? मला खरंच भास होतात?"

डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच बोलले. "हो आई. पण बरं वाटेल."

त्यांनी माझा हात सोडला.

१४ फेब्रुवारी

आज सकाळी बघते तर मोरीतल्या सगळ्या नळांना आईंनी कोरड्या फडक्यांचे जाड बोळे बांधलेले. माझा संयम सुटला. सगळ्यांसमोर ओरडले. फडकी ओरबाडून काढली. आई हात चोळत म्हणाल्या, "राहू दे गं. सकाळपुरती तरी राहू दे."

दोन पोरं काढून घेतली. आता चार. त्या दोघांच्या आयांनी एकमेकींना फोन केला असणार. उरलेल्याही जातील आणि मी या घराच्या भिंतींकडे बघत बसेन. हात टेकले मी. देवा, मी वाईट सून नाही. पण आज त्या बाईकडे बघून मला वाटलं की हिनं माझं सगळं बुडवायचं ठरवलंय.

नणंदेचा फोन. म्हणाली, "वहिनी, तू एकटी किती ओढणार? माझ्याकडे जागा नाही, नाहीतर मीच नेलं असतं. वृद्धांसाठी चांगली घरं असतात आता." मी रडले. ती पण रडली. मग दोघींनी ठरवलं.

२० फेब्रुवारी

गोळ्या लागू पडल्यात. आई दिवसभर पेंगतात. पण पेंगतात कुठे, तर मोरीच्या दारात खुर्ची घेऊन. पोरांना त्यांना ओलांडून जावं लागतं. कुणाचा पाय लागला की डोळे उघडतात आणि चाचपून पाण्याचा मग उचलतात.

२७ फेब्रुवारी

आज आईंना पोहोचवून आले.

जागा स्वच्छ आहे, खिडकीतून झाडं दिसतात. आईंनी काही विरोध केला नाही. एवढीशी पिशवी भरली, त्यात ह्यांचा फोटो. माझ्याकडून त्यांनी एकच मागितलं. फाटकाशी मला थांबवून म्हणाल्या, "ढब्बूला मगानंच पाणी देत जा. विसरू नकोस."

हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं?

बसमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी होती. तिच्याकडे बघवेना.

३ मार्च

घर मोकळं मोकळं वाटतंय. लाज वाटते लिहायला, पण सुटल्यासारखं झालंय. गेलेली दोन पोरं परत आली, एक नवीनही आलं. गरम पाणी थेट नळाखाली, नळ बहुतेक मीच सोडते, पटापट हातपाय धुऊन होतात. ज्या गोष्टीला आई अर्धा तास लावायच्या ती आता चुटकीसरशी.

फक्त ढब्बू. नळाशी नेला की हात मागे घेतो, "आजी नको म्हणाली" म्हणतो. आज तर भोकाडच पसरलं. "नळ चावला" म्हणे. आईंनी या पोराच्या डोक्यात काय काय भरवून ठेवलंय. खारूताई पण आता एका बोटानं नळ ढकलते आणि लांब पळते. दोघांना चांगलं झापलं. भीती अशी लागते एकाची दुसऱ्याला.

६ मार्च

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

सकाळी ढब्बू परत रडायला लागला. मी ठरवलं, आज याची भीती कायमची मोडायची. त्याला मनगटाला धरून मोरीत नेला. गीझर चालू होता, लादी ओली. दारातच माझ्या चपलेचा अंगठा तुटला. चिडून दोन्ही चपला भिरकावल्या. टाच कळवळली. "बघ," मी म्हटलं, "आधी मी हात लावते. मग तू लावायचा."

लावला.

तो शॉक कसा होता ते सांगता येत नाही. मूठ आपोआप आवळली, सुटेना. ओरडायचं होतं, आवाज फुटेना. दात दातांवर बसले. डोक्यात एकच होतं की दुसऱ्या हातात ढब्बूचं मनगट आहे. मग कळलं की नाही, तो हात रिकामा आहे, त्यानं हिसडा देऊन आधीच सोडवून घेतलं होतं आणि तो दारात उभा होता. ओल्या लादीवर माझा पाय घसरला म्हणून मी वाचले. पडले आणि हात सुटला.

ढब्बू दारातून म्हणाला, "चावला ना?"

मी त्याला पोटाशी धरलं आणि तो मला ढकलत होता, कारण मी ओली होते. मेन स्विच बंद केला. सगळ्यांच्या आयांना फोन केले, मुलं घेऊन जा म्हटलं. का, ते एकीलाही धड सांगता आलं नाही.

मी त्या पोराचा हात स्वतः नळावर ठेवणार होते. चपलेचा अंगठा तुटला नसता तर मला काहीच झालं नसतं, आणि मी म्हटलं असतं, बघ, काही नाही. आणि त्यानं नळ धरला असता. तो घट्ट धरतो.

७ मार्च

वीज कार्यालयातून एक मुलगी आली. जाड बुटांची, कमी बोलणारी. मोरी बघितली, बोर्ड बघितला, मागच्या दारी गेली आणि पाइपाजवळ उकिडवी बसली. तारेचे वेढे बोटानं चाचपले. मग म्हणाली, "काकू, ही तार प्लास्टिकला कोणी बांधली?"

"मी," मी म्हटलं. "म्हणजे, मी बांधायला लावली."

तिनं समजावलं. गीझर आतून खराब आहे, त्याचा करंट घरातल्या लोखंडी पाइपांत उतरतो. जमिनीत लोखंडी पाइप होता तोवर तो मुकाट्यानं जमिनीत जायचा, पूर्वी लोक ती तार त्यासाठीच पाइपाला बांधायचे. आता जमिनीत प्लास्टिक. त्यातून करंट जात नाही. मग तो जातो नळाला हात लावणाऱ्या माणसातून. गीझर बंद केला की नाहीसा. पायात रबरी चपला असल्या की कळत नाही. ह्यांनी बसवलेला तो फ्यूज बाहेर काढून तिनं मला दाखवला. एवढी जाड तार असेल तर वायरिंग पेटेल, घर जळेल, पण हा उडणार नाही म्हणाली. "कुणाला काही झालं नाही ना? घरात अनवाणी कोण वावरतं?"

मी दाराच्या पायरीवर जाऊन बसले. तिला वाटलं मला चक्कर आली. तिनं पाणी आणलं. मगातून.

ती गेल्यावर मी ह्यांच्या फोटोच्या जागेकडे बघून खूप बोलले. फोटो आईंनी नेलाय, खिळाच आहे नुसता. पण ह्यांची तार तरी ह्यांच्या वेळी बरोबर जागी होती. प्लास्टिकला मीच बांधून घेतली, आणि वर कौतुकानं बघत उभी राहिले. आईंना ते जानेवारीतच कळलं होतं. आणि मी त्यांना म्हटलं, मुलाच्या कामाला नावं ठेवताय का. त्या दिवसापासून त्यांनी करंटचं नाव काढलं नाही. नुसत्या मग घेऊन दारात बसल्या. गोळीनं डोळे मिटत होते तरी बसल्या.

९ मार्च

पहिल्या बसनं गेले. रस्ताभर मनात घोकत होते काय बोलायचं ते.

तिथल्या नर्सबाई कौतुकानं म्हणाल्या, "आजींमध्ये फार सुधारणा आहे. आल्या तेव्हा नळाजवळ जात नव्हत्या. आता बघा." आई बागेतल्या बाकावर बसल्या होत्या. स्वच्छ, केस विंचरलेले, वाळलेल्या. मला बघून हसल्या.

मी त्यांचे पाय धरले. म्हटलं, "आई, नळाला करंट होता. खरंच होता. तुम्ही म्हणत होतात तेच बरोबर होतं. मला शॉक बसला."

मला वाटलं रागावतील. रागवायलाच हव्या होत्या. पण त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, काळजी होती. इकडे तिकडे पाहून त्यांनी आवाज खाली केला.

"तुलाही?" म्हणाल्या. "कधीपासून?"

"आई, भास नाही. वीज कार्यालयातून मुलगी येऊन बघून गेली."

"हो, हो," त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "मलाही अगदी खरंच वाटायचं गं. हात बधिर व्हायचा. मी किती त्रास दिला तुला. त्या लेकराला मारलं. इकडे ये." मला हाताला धरून व्हरांड्यातल्या बेसिनशी नेलं आणि नळ मुठीत धरला. "बघ. काही नाही. आता मी सगळ्या नळांना हात लावते. डॉक्टरांना दाखवलंस का?"

मी सगळं परत सांगितलं. तार, पाइप, गीझर, चपला. त्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होत्या. वाद घालत नव्हत्या. दुजोराही देत नव्हत्या.

आईंना घरी घेऊन आले.

२६ मार्च

घराचं वायरिंग नवीन झालं. लाकडी पट्ट्या निघाल्या, भिंतींवर पांढरे ओरखडे राहिलेत. गीझर भंगारात दिला. मागच्या दारी जमिनीत खड्डा करून नीट अर्थिंग केलं. कर्ज झालंय, ते फेडीन. वीज कार्यालयातल्या मुलीनं आईंसमोर टेस्टर लावून दाखवला, आणि माझ्या सांगण्यावरून पूर्वी काय होत होतं तेही नीट समजावून सांगितलं. आईंनी ऐकून घेतलं, तिला चहा दिला. ती गेल्यावर मला म्हणाल्या, "गोड मुलगी आहे. तुझ्याखातर आली."

पोरांच्या आयांना मी खरं ते सगळं सांगितलं. चार पोरं परत आली. ढब्बू आला नाही. त्याची आई म्हणाली, आजींना सांगा, मी चुकले. मी निरोप दिला. आई म्हणाल्या, "त्या कशाला चुकतील? मारलं तर मीच."

३१ मार्च

आज खारूताई ओल्या पायांनी नळाकडे पळाली. आईंनी मान वर केली, खुर्चीच्या हातांवर तळवे टेकून अर्धवट उठल्या. मनात म्हटलं, ओरडा आई, एकदा ओरडा. पण त्या परत बसल्या आणि हात मांडीवर ठेवले. "पूर्वी मला उगाच भीती वाटायची," मला म्हणाल्या.

डॉक्टरांना भेटून सगळं सांगितलं. थोडा वेळ ते कागद चाळत बसले. मग म्हणाले, गोळ्या एकदम बंद करता येणार नाहीत, हळूहळू कमी करू. आणि विसरभोळेपणा तर आहेच. माझ्याकडे बघायचं मात्र त्यांनी टाळलं. मीही त्यांना काही बोलले नाही. कुठल्या तोंडानं बोलणार?

मी अजून रबरी चपला घालते. पण नळ सोडायच्या आधी रोज त्या काढते आणि उघड्या पायांनी ओल्या लादीवर उभी राहून हात लावते, मगच पोरांना येऊ देते. काही होत नाही, होणारही नाही, मला माहीत आहे. तरी लावते. आई ते रोज दारातून बघत असतात.

आज सकाळी चहा घ्यायला बसले तर माझ्या बशीत अर्धी गोळी. आईंनी स्वतःची मोडून ठेवलेली.

"घे गं," त्या म्हणाल्या. "नळाची भीती जाते."

मी ती उचलली, तोंडापाशी नेली आणि मुठीत ठेवली. त्यांना वाटलं मी घेतली. त्यांना किती बरं वाटलं.